पिंपळपानाची डाय

धम्मदीप ओव्हाळांच्या उजव्या हाताची तीन बोटं जांभळी झाली आणि शिरूरच्या त्यांच्या कॉलनीत चर्चेला विषय मिळाला.

तसं पाहिलं तर सरकारी कचेरीतल्या आवक-जावक लिपिकाची बोटं जांभळी असणं ही काही बातमी नव्हे. वीस वर्षं गोल शिक्का मारणाऱ्याच्या अंगठ्याला शाई नसेल, तर उलट त्याच्या कामाविषयी शंका घ्यावी. पण ही बोटं रविवारीही जांभळी असायची. जांभळ्याच्या कडेला लाल, लालच्या कडेला नारिंगी आणि नखांच्या खाचेत पिवळं. शेजारचे पोपटराव साखर कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झाले होते. कारखान्याच्या गेटवर त्यांनी हजारो कामगारांचे डबे उघडून पाहिले होते. निवृत्तीनंतर गेट सुटलं, नजर सुटली नाही.

"भाऊसाहेब, हाताला काय झालं?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"शाई हो, आप्पा."

"शाई एका रंगाची आसती," पोपटराव म्हणाले. "ह्ये तर इंद्रधनुष्य हाय."

धम्मदीपरावांनी हात खिशात घातला. हीच त्यांची पहिली चूक. खिशात हात घातलेल्या माणसावर पोपटरावांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता.

प्रकरण खरं तर एका ग्रीटिंग कार्डाचं होतं. धम्मदीपरावांची पत्नी करुणाबाई मांडवगण फराट्याच्या शाळेत शिक्षिका. आदल्या डिसेंबरात लग्नाच्या वाढदिवसाला धम्मदीपरावांनी बाजारपेठेतल्या दुकानातून एक महागडं कार्ड आणलं होतं. आत सोनेरी अक्षरात चार इंग्रजी ओळी. करुणाबाईंनी कौतुकानं ते शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत कळलं, की सहकारी सुलक्षणाबाईंच्या नवऱ्यानंही तेच कार्ड, त्याच चार ओळींसकट, त्यांना दिलं आहे. करुणाबाईंनी घरी येऊन ते कपाटात टाकलं. फक्त जेवताना म्हणाल्या, "शाळेत दोन पोरांच्या पेपरात तंतोतंत तेच उत्तर सापडलं, तर मी दोघांना शून्य देते."

हे शून्य धम्मदीपरावांच्या मनात वर्षभर रुतून बसलं. मग दिवाळीच्या आसपास पुण्यात एका दुकानात त्यांना हातानं केलेलं कार्ड दिसलं. पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून लाल, लालमधून जांभळं असं आभाळ, आणि मधोमध कागदच फुलपाखराच्या आकारात कापलेला. हे कसं करतात, असं त्यांनी विचारलं. दुकानातल्या मुलीनं सांगितलं, "इंक ब्लेंडिंग काका. पॅडवरची शाई स्पंजनं घेऊन हलक्या हातानं गोल गोल फिरवायची. आणि आकार डाय कटिंगनं, म्हणजे धारेच्या साच्यानं दाबून कापायचा. एकदम सोप्पं आहे."

सोपं आहे, हे चार अक्षरी वाक्य मध्यमवर्गीय माणसाला जितकं महागात पडतं तितकं दुसरं काही पडत नाही. धम्मदीपरावांना वाटलं, शाई आणि पॅड? अरे, आपण शाईचंच तर खातो! येत्या एकवीस डिसेंबरला लग्नाला वीस वर्षं होत होती. कार्ड करायचं, स्वतःच्या हातानं करायचं, आणि करुणाला त्या दिवसापर्यंत वासही लागू द्यायचा नाही. कार्डावर पिंपळाचं पान. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा तिनं असंच एक पान वहीत ठेवलं होतं.

कचेरीत जांभळ्या, निळ्या आणि लाल शाईची निकामी पॅडं पडलेली होती. पिवळं पॅड मात्र नव्हतं. ते स्टेशनरीच्या दुकानात गेले.

"पिवळी शाई?" दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. "पिवळा शिक्का कुठल्या खात्याचा आसतो, साहेब?"

"खात्याचा नाही. मला हवाय."

"तुमाला?" दुकानदारानं चष्मा परत डोळ्यांवर घेतला. ते साल दोन हजार तीन. पेपरात रोज बनावट मुद्रांकांच्या बातम्या. नकली शिक्के, नकली कागद, कुठं कुठं धाडी. अशा दिवसांत सरकारी माणसानं दुकानात येऊन पॅडाची शाई मागावी, तीही सरकारात नसलेल्या रंगाची! दुकानदारानं "नाही" म्हटलं आणि ते बाहेर पडेपर्यंत गल्ल्याच्या ड्रॉवरवरचा हात काढला नाही.

शेवटी पिवळा रंग हळदीतून काढावा लागला. स्पंजचाही तोच घोळ. अंघोळीच्या स्पंजनं आभाळाला देवीचे व्रण उठले. कापसानं आभाळाला केस आले. मग त्यांना पावडरचा पफ सुचला. जनरल स्टोअर्समध्ये जाऊन, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, हळू आवाजात त्यांनी तीन पफ मागितले.

"बाईंसाठी का?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"नाही," धम्मदीपराव प्रामाणिकपणे म्हणाले. सरकारी नोकरीत प्रामाणिकपणा कुठं वापरायचा आणि कुठं नाही, याचं प्रशिक्षण देत नाहीत.

पफ मात्र उत्तम चालला. जेवणाच्या सुट्टीत ते कचेरीच्या रेकॉर्ड रूमचं दार लोटून घ्यायचे आणि जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यावर कार्डशीट ठेवून पफ गोल गोल फिरवायचे. साधा कागद शाई पिऊन टाकायचा, रंग एकमेकांत मिसळायच्या आधीच. चकचकीत कागदावर मिसळायचे सुरेख, पण वाळायचेच नाहीत; एक आभाळ तर चार दिवसांनी सदऱ्याच्या कॉलरला लागलं. अकराव्या कागदावर मात्र अशी संध्याकाळ उतरली, की धम्मदीपराव स्वतःच तिच्याकडे बघत बसले आणि त्या दिवशीचं टपाल नोंदवायचं राहून गेलं.

आता राहिलं पान. ब्लेडनं कापायला गेले तर पानाचं लांब टोक दर वेळी फाटायचं. लग्नपत्रिका छापणाऱ्यानं सांगितलं, "त्याला डाय लागती. पट्टीची. दौंडला हरिबा म्हणून रेल्वेतनं निवृत्त झालेले फिटर हायेत, त्ये चपलावाल्यांना करून देत्यात."

इथून पुढचं सगळं भूगोलामुळे झालं. शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरायचं आणि तिथं वरवंड-पाटसवरून दौंडला जाणारी गाडी धरायची. एरवी यात कुणाचं काही बिघडत नाही. पण चौफुल्याला नुसता एसटीचा थांबा नाही, लावणीची थिएटरंही आहेत. त्यामुळे 'चौफुल्याला उतरलो होतो' एवढं बोलून आपल्याकडे कोणी सभ्य गृहस्थ थांबत नाही. लगेच पुढं 'गाडी बदलायला' असं जोडतो. धम्मदीपरावांनी तर घरी "पुण्याला ट्रेनिंग आहे" असं सांगितलं होतं. म्हणजे त्यांचा चौफुल्याशी संबंधच नव्हता.

आणि पोपटरावांची बहीण साखरबाई वरवंडला दिलेली.

दौंडला हरिबामामांनी कागदावरचं चित्र बराच वेळ उलटसुलट पाहिलं. "पान? इलेक्शन आलंय. कुठल्या पार्टीचं चिन्ह ह्ये?"

"पार्टीचं नाही मामा. घरगुती आहे."

"घरगुती मानूस डाय करून घ्यायला शिरूरवरनं येतंय व्हय?" हरिबामामांनी पोलादी पट्टीला चिमट्यानं बाक द्यायला सुरुवात केली. "मला काय. आपलं काम वाकवायचं."

पहिल्या रविवारी वाकवलेलं पान विड्याचं झालं. दुसऱ्या रविवारी ते बदामासारखं झालं. तिसऱ्या रविवारी हरिबामामा शेजारच्या पिंपळाचं खरं पान घेऊन बसले आणि दुपारपर्यंत अशी डाय झाली, की टोकासकट पिंपळच. "दाब सारखा पायजे," त्यांनी बजावलं. "हातोडीनं मारू नका. रूळातनं काढा, न्हाईतर प्रेसखाली घाला."

तीन रविवार, तीन वेळा चौफुला. तिन्ही वेळा साखरबाई तिथल्या थांब्यावर माळव्याची, ताज्या भाजीची पाटी घेऊन गाडीची वाट बघत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी भावाला फोन केला.

"तुज्या शेजारचा साहेब, जांभळ्या बोटाचा. चौफुल्याला उतारला. कॉलरला लाल हाय. आन् हाताला हळद."

"हळद?" पोपटरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "नक्की हळदच?"

"मी काय कवा हळद बघितली न्हाई का?"

पोपटरावांनी हे करुणाबाईंना सांगितलं नाही. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फक्त करुणाबाई पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असताना आभाळाकडे बघून म्हटलं, "चौफुल्याला हल्ली गर्दी लय वाढलीया म्हंत्यात. आपल्या कॉलनीतनं पण जात्यात."

करुणाबाई शिक्षिका होत्या. कॉपी करणारा पोरगा सापडला की त्या ओरडत नसत. त्याच्या बाकामागं जाऊन उभ्या राहत. त्यांनी तसंच केलं. आठवडाभर त्या नवऱ्यामागं नुसत्या उभ्या राहिल्या. धुण्यात कॉलर सापडली. डब्याच्या पिशवीत पफ सापडला, लालभडक. नखांतली हळद तर रोज समोरच होती, आणि घरात कालवणाला हळद त्या स्वतः घालत होत्या, त्यांच्या नवऱ्याला डबा कुठं असतो हेही माहीत नव्हतं.

"ट्रेनिंग कशाचं आहे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"कार्यालयीन सौजन्य," धम्मदीपरावांच्या तोंडून निघून गेलं.

"रविवारी?"

"रविवारी सौजन्याला वेळ मिळतो."

"प्रात्यक्षिकही असेल."

"असतं ना."

करुणाबाईंनी ताटातली पोळी चार भागांत दुमडली. "असेलच," त्या म्हणाल्या, आणि त्या रात्री पहिल्यांदाच त्यांनी मोनालीला, म्हणजे पुण्याच्या होस्टेलवर असलेल्या मुलीला, स्वतःहून फोन केला नाही. धम्मदीपरावांना हे लक्षात आलं, पण चार दिवसांनी कार्ड पाहिल्यावर सगळं निवळेल या भरवशावर ते गाढ झोपले.

दाबासाठी त्यांनी आधी रसवंतीवाल्याला गाठलं. रूळ म्हणजे रूळच, असा त्यांचा विचार. दोन पत्र्यांमध्ये कार्ड आणि डाय ठेवून चरकातून काढली. पान कापलं गेलं, छान कापलं गेलं. पण कार्ड बाहेर आलं ते उसाचा रस पिऊन, आणि कचेरीत पोचेपर्यंत त्याच्यावर मुंग्यांची रांग लागली. रसवंतीवालाही दुखावला. "साहेब, गिऱ्हाईक म्हनतंय रसात हळदीचा वास येतुया."

तेव्हा त्यांना रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यातला लोखंडी स्क्रूचा प्रेस आठवला. इंग्रजांच्या वेळचा, गठ्ठे दाबायचा, कोणी हात न लावलेला. वर दांडा फिरवला की पाटी खाली उतरायची आणि आवाज असा यायचा, की बैलगाडी घाट चढतेय.

इकडे कचेरीचे ननावरेसाहेब आधीच सावध झाले होते. नवीन बदलून आलेले, बनावट शिक्क्यांच्या बातम्या कात्रणं करून ठेवणारे. कचेरीतल्या शाईचा खप वाढल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. धम्मदीपरावांनी निकामी पॅडं ओली करायला दोन बाटल्या वापरल्या होत्या आणि त्याचे पैसे नोंदवहीत ठेवून दिले होते, पण पैसे ठेवले म्हणजे संशय वाढतो हे त्यांना कोण सांगणार? साहेबांनी त्यांना मेमो दिला: 'शाईच्या वाढीव वापराबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.' धम्मदीपरावांनी खुलाशात लिहिलं: 'सदर शाई खाजगी कारणास्तव.' साहेबांनी 'खाजगी' या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

वीस डिसेंबर, शनिवार. दुपारचा एक. कचेरीतले बाकीचे जेवायला गेलेले. धम्मदीपराव रेकॉर्ड रूममध्ये. खिशात आतल्या मजकुराचं कार्ड, हातात अकराव्या कागदावरचं आभाळ. त्यांनी डाय नेमकी मधोमध ठेवली, श्वास रोखला आणि दांडा फिरवला.

कर्र... कर्र... कर्रर्र...

ननावरेसाहेबांनी डबा अर्ध्यावर टाकला. "शिपाई कुठाय? कोणी तरी दोन माणसं बोलवा, बाहेरची. पंच पाहिजेत." व्हरांड्यात दोनच माणसं होती. आपल्या अर्जाचं काय झालं ते बघायला आलेले पोपटराव, आणि दाखल्यासाठी सकाळपासून बसलेल्या पुतळाबाई. पोपटराव तर पंच व्हायला जन्मापासून तयार होते.

दार उघडलं तेव्हा धम्मदीपराव प्रेसच्या दांड्याला लोंबकळलेले. डावा पाय गठ्ठ्यावर, गालाला जांभळा, कपाळाला लाल, ओठांत पेन्सिल.

"जागचे हलू नका," ननावरेसाहेब म्हणाले. "हे काय आहे?"

"डाय, साहेब."

"डाय!" साहेबांनी पंचांकडे पाहिलं. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कसली डाय? गोल शिक्क्याची?"

"पानाची."

"पानाची," पोपटराव पुटपुटले. "मुद्रांकाचं पान आसंल."

पंचनामा लिहायचा ठरलं. पण कचेरीत त्या वेळी लिपिक एकच हजर होता, आणि तो आरोपी होता. ननावरेसाहेबांचं अक्षर त्यांना स्वतःला वाचता येत नसे. मग धम्मदीपरावांनीच पेन काढलं. "सांगा साहेब, मी घेतो लिहून." वीस वर्षांची सवय. मार्जिन सोडून त्यांनी वर तारीख घातली.

साहेब सांगू लागले. धम्मदीपराव वळणदार अक्षरात स्वतःविरुद्ध लिहू लागले. 'एक जाड कागद, त्यावर पिवळा, नारिंगी, लाल व जांभळा रंग एकमेकांत मिसळलेला.' इथं त्यांनी मान वर केली. "साहेब, 'सुरेख मिसळलेला' लिहू का?"

"नाही."

'मध्यभागी पानाच्या आकाराचे छिद्र. तीन पफ, वापरलेले. एक पुडी, आत पिवळी भुकटी.' साहेबांनी पुडीचा वास घेतला आणि शिंकले. 'सदर भुकटी हळद असल्याचा संशय.'

"हळदच हाय," पोपटराव ठामपणे म्हणाले. "माज्या बहिनीनं बघितलीया. चौफुल्याला."

"चौफुल्याला?" मागून कोणीतरी विचारलं.

दारात करुणाबाई उभ्या होत्या. शनिवारची सकाळची शाळा करून, एसटीनं थेट कचेरीत आलेल्या. खांद्याला वह्यांची पिशवी, डोळे लाल. आज काय ते विचारून टाकायचं, घरी नाही, कचेरीत, जिथं त्यांना खोटं बोलताना लाज वाटेल तिथं, असं ठरवून त्या आल्या होत्या. आता विचारायचं काय हेच त्यांना कळेना.

"खिशात काय आहे?" ननावरेसाहेबांनी धम्मदीपरावांना विचारलं.

"काही नाही."

"दाखवा."

"साहेब, खाजगी आहे."

"परत खाजगी! पंचनाम्यात खाजगी काही नसतं."

कार्डाचा आतला भाग बाहेर आला. साहेबांनी तो धम्मदीपरावांपुढे धरला. "वाचा. आणि लिहून घ्या."

धम्मदीपरावांनी कागदाची परत घडी घालायला हात पुढं केला. शेवटी साहेबांनीच, टपाल वाचतात तशा सपाट आवाजात, वाचायला घेतलं.

"करुणा. वीस वर्षं तू सकाळी सहाची गाडी धरतेस. थंडीत धरलीस, पावसात धरलीस, मोनालीच्या वेळी सातव्या महिन्यातही धरलीस. मी एकदाही स्टँडपर्यंत आलो नाही. दार लावून परत झोपलो..." साहेब थांबले. त्यांनी कागद पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"वाच की फुडं," पुतळाबाई म्हणाल्या. "थांबलास का?"

"मला कविता येत नाही," साहेबांचा आवाज थोडा खाली आला. "उद्यापासून रोज स्टँडवर सोडायला येईन. धम्मदीप."

धम्मदीपरावांनी खाली मान घालून तेवढंही पंचनाम्यात लिहिलं आणि स्वल्पविराम दिला.

"सातव्या म्हयन्यात?" पुतळाबाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं. "सातव्या म्हयन्यात बायकू एसटीनं जाती आन् तू दार लावून झोपतुस? आरं, तुला काय म्हनावं! साहेब, ह्ये पयलं लिवा तुमच्या कागदात."

पोपटरावांनी टोपी काढून परत घातली. "म्हंजी चौफुल्याला..."

"गाडी बदलायला, आप्पा," धम्मदीपराव म्हणाले. "दौंडला डाय करायला."

करुणाबाई पुढं आल्या. त्यांनी प्रेसखालचं आभाळ उचललं, उजेडात धरलं. पानातून खिडकी दिसत होती. "हे कुणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं."

"आणि लिहिलेलं? कुणी सांगितलं?"

"सातवा महिना कुणाला माहीत आहे, करुणा? आपल्या दोघांनाच."

करुणाबाईंनी वह्यांची पिशवी खाली ठेवली. मग साहेबांकडं वळल्या आणि वर्गातली सगळी शुद्ध भाषा विसरून म्हणाल्या, "साहेब, उद्या आमच्या लग्नाला वीस वर्षं व्हत्यात. ह्ये कार्ड मला द्या."

ननावरेसाहेबांना द्यायचं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण पंचनाम्यात आलेली वस्तू देता येत नाही, ती वरिष्ठ कार्यालयाकडे अभिप्रायासाठी जाते. "आपण अर्ज करा, बाई," ते हळूच म्हणाले. "मी शिफारस करतो."

करुणाबाईंनी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला: 'माझ्या मालकीचे ग्रीटिंग कार्ड परत मिळणेबाबत.' मग टपालाच्या खिडकीशी जाऊन तो, आत जागेवर येऊन बसलेल्या आवक-जावक लिपिकाच्या हातात दिला. धम्मदीपरावांनी तो नोंदवला, क्रमांक घातला, गोल शिक्का मारला आणि पोच दिली. पोच घेताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. करुणाबाईंच्या बोटाला जांभळं आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

एकवीसला रविवार होता, म्हणून वचन सोमवारपासून लागू झालं. सोमवारी पहाटे पाचला धम्मदीपराव उठले तेव्हा दात वाजत होते. स्वेटर, मफलर, वर करुणाबाईंची वह्यांची पिशवी. स्टँडवर दोघं अर्धा तास काहीच न बोलता उभे होते. वीस वर्षं झाली तरी सहाच्या गाडीआधी काय बोलायचं, हे त्यांना नवीनच होतं. गाडी आली तेव्हा करुणाबाई म्हणाल्या, "रोज म्हणालात ना? साहेबांनी वाचलंय. दोन पंच आहेत. सही आहे तुमची."

मग धम्मदीपरावांच्या ध्यानात आलं. प्रेमपत्र असतं तर निभावलं असतं. हे हमीपत्र झालं होतं, आणि तेही त्यांनीच स्वतःच्या अक्षरात, मार्जिन सोडून, दोन प्रतींत केलेलं.

तीन महिने ते रोज गेले. खाडे झाले दोनच, दोन्ही वेळा ताप होता आणि दोन्ही वेळा करुणाबाईंनी कपाळाला हात लावून तपासला.

मार्चच्या शेवटी पुण्याहून कार्ड परत आलं. आभाळाच्या ऐन मधोमध, नारिंगी संपून लाल सुरू होतं तिथं, वरिष्ठ कार्यालयाचा 'तपासले' असा गोल शिक्का. सोबत अभिप्राय: 'सदर वस्तू कोणत्याही छापखान्यात वा यंत्रावर तयार केलेली नसून, अकुशल इसमाने घरगुती साहित्यातून हाताने केल्याचे स्पष्ट दिसते. बनावटीकरणाच्या कामी सर्वथा निरुपयोगी.'

ननावरेसाहेबांनी अभिनंदन केलं. पोपटरावांनी हात मिळवला आणि मग आपला हात उलटून पाहिला. पण धम्मदीपरावांचा चेहरा उतरलेला. निर्दोष सुटल्याचा आनंद राहिला बाजूला. अकुशल? अकरा कागद! तीन पफ! तीन रविवार! त्यांनी रात्री बसून वरिष्ठ कार्यालयाला पत्राचा मसुदा केला: 'अभिप्रायातील "अकुशल" हा शब्द वगळणेबाबत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर त्यांनी तो करुणाबाईंना दाखवला. करुणाबाईंनी मसुदा वाचला, अभिप्राय वाचला. पर्समधून लाल पेन काढलं. धम्मदीपरावांना वाटलं, आता शुद्धलेखन तपासणार. पण त्यांनी मसुद्यावर आडवी रेघ मारली आणि अभिप्रायाखाली लिहिलं: 'वाचले. मान्य. क. ध. ओव्हाळ.'

"मान्य? अकुशल मान्य?"

"व्हय," करुणाबाई म्हणाल्या. अभिप्रायाची घडी करून त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि गाडीत चढल्या. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळली, वेग घेतला, आणि तेव्हा धम्मदीपरावांना कळलं की वह्यांची पिशवी, आत बासष्ट मुलांच्या वह्या आणि दुपारचा डबा, आपल्याच खांद्याला आहे.

"ओ! थांबा! थांबवा गाडी!" चपला सावरत, पिशवी छातीशी धरत ते गाडीमागं धावले. खिडकीतून करुणाबाईंनी मागं पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या, इतक्या की कंडक्टरला थांबायची घंटी मारायला सांगायचंही त्यांना सुचेना.

समोरच्या फुटपाथवर पोपटराव फिरायला निघाले होते. पुढं एसटी, एसटीत पदरात तोंड लपवलेली बाई, मागं बोंबलत धावणारा नवरा, नवऱ्याच्या छातीशी भरलेलं गाठोडं. पोपटराव जागीच उभे राहिले, मनगट वळवलं आणि घड्याळात बघून वेळ लक्षात ठेवली. सहा वाजून चार मिनिटं.